भुशीची भिंत कोणाची?

भुशी म्हटले की पावसाळ्यात पायऱ्यांवरून वाहणारे पाणी आणि भाजलेली मक्याची कणसे आठवतात. पण ते धरण सहलीसाठी बांधलेले नव्हते. 1863 मध्ये बोरघाटातील रेल्वेमार्ग खुला झाला. घाट चढणाऱ्या वाफेच्या इंजिनांना पाणी फार लागे आणि लोणावळा हे घाटमाथ्यावरचे स्टेशन. म्हणून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे या कंपनीने एकोणिसाव्या शतकात इंद्रायणीवर ही दगडी भिंत घातली. भुशीची पहिली मालकी अशी खासगी होती. 1925 मध्ये सरकारने या रेल्वेचा कारभार हाती घेतला आणि 1951 मध्ये मध्य रेल्वे अस्तित्वात आली.

दगडी धरण आपल्या वजनावर उभे असते. दगडाला सहसा काही होत नाही. झिजतो तो सांध्यांतला चुना. झिरपणारे पाणी चुन्याचा अंश सोबत नेते, भिंतीवर पांढरे ओघळ दिसू लागतात. मग सांध्यात पिंपळ रुजतो. दरजा भरणे, रोपटी उपटणे, गळती मोजणे ही साधी कामे, पण ती दरवर्षी करावी लागतात. पायाखाली शिरलेले पाणी भिंतीला खालून उचलते, हा धोका आणखी वेगळा. फ्रान्समधील बूझे धरण 1895 मध्ये फुटले आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली, तेव्हा कुठे इंजिनिअर मंडळी या उचलीचा हिशेब नीट मांडू लागली. आपल्याकडे 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले आणि त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याची दगडी भिंतही टिकली नाही. पुणेकरांना हे सांगायला नको.

भुशीपासून जवळच वळवणचे धरण आहे. तेही दगडी, आणि आजही खासगी कंपनीचे. टाटांच्या जलविद्युत योजनेची कोनशिला 1911 मध्ये लोणावळ्यात बसली. 1915 मध्ये खोपोलीची वीज मुंबईला मिळू लागली. घाटमाथ्यावर अडवलेले पाणी नळांतून सुमारे 500 मीटर खाली सोडून तिथे वीज होते. तिथे गळती म्हणजे रोकडा तोटा, त्यामुळे मालकाला भिंतीकडे पाहावेच लागते. औरंगाबादच्या पाणचक्कीचेही तसेच होते. चक्कीवर दर्ग्यातल्या फकिरांचे पीठ दळले जाई, म्हणून नहरीची निगा राहिली.

भुशीचे हे कारणच सरले. 1930 च्या सुमारास मुंबई-पुणे मार्गावर विजेच्या गाड्या धावू लागल्या, पुढे वाफेची इंजिनेही गेली. भिंत राहिली, गर्दी वाढली. 30 जून 2024 रोजी धरणामागच्या धबधब्यात पुण्याच्या हडपसर भागातील एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत चार मुले होती. भिंतीचा त्यात दोष नव्हता. वरच्या ओढ्याला अचानक लोंढा आला. नंतर बंदीचे आदेश निघाले, पोलीस उभे राहिले. ते योग्यच झाले. पण त्या सगळ्या चर्चेत भिंतीच्या प्रकृतीचा विषय मला कुठे फारसा दिसला नाही.

2021 च्या धरण सुरक्षा कायद्याने देखभालीची जबाबदारी मालकावर टाकली आहे, मग तो सरकार असो वा कंपनी. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर तपासणी सक्तीची आहे. मात्र हा कायदा 15 मीटरहून उंच आणि 10 ते 15 मीटरमधल्या काही धरणांपुरताच आहे. त्याहून बुटक्या जुन्या भिंती सुटतात, आणि माणसे तर नेमकी अशाच भिंतींवर चढून बसतात. लोणावळा नगरपरिषदेने दर मे महिन्यात रेल्वेकडे भुशीच्या तपासणीचा अहवाल मागावा आणि तो पायऱ्यांशेजारी फलकावर मराठीत, हिंदीत आणि उर्दूतही लावावा.