पहिल्या आठवड्यातला निबंध

आठवीत असताना मी महाबळेश्वरला गेलो होतो. म्हणजे इंग्रजीच्या वहीत गेलो होतो.

जून महिना, शाळेचा पहिला आठवडा, नव्या वह्यांना खाकी कव्हरं घालायची अजून बाकी होती. सरांनी फळ्यावर विषय लिहिला : 'हाऊ आय स्पेंट माय समर व्हेकेशन'. ती सुट्टी मी मामाच्या रसवंतीवर ग्लास विसळत घालवली होती. एसटी स्टँडसमोर पत्र्याची शेड, चरकाला बांधलेले घुंगरू, पोत्यात गुंडाळलेली बर्फाची लादी. यातलं एक अक्षरही मी लिहिलं नाही. चरकाला इंग्रजीत काय म्हणतात हे माहीत नव्हतं, हे एक कारण. दुसरं, गाइडमध्ये महाबळेश्वरचा निबंध तयार होता. त्या वर्षी आमचा निम्मा वर्ग महाबळेश्वरला जाऊन आला, वेण्णा लेकमध्ये बोटिंगही करून आला. सरांनी सगळ्यांना 'गुड' दिलं. स्ट्रॉबेरीचं स्पेलिंग तेवढं दुरुस्त केलं.

आता मी स्वतः इंग्रजी शिकवतो, नववीला. दर जूनला तो विषय माझ्याच हातून फळ्यावर उतरायला लागला, तेव्हा हा निबंध मुळात आला कुठून, असा प्रश्न पडला. शोधता शोधता मी अमेरिकेत पोचलो.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजी निबंध शिकवण्यासाठी अमेरिकेतही जॉन वॉकर या लंडनच्या माणसाचं पुस्तक चालायचं, १८०१ सालचं. त्यात मुलांसाठी विषय असायचे ते अमूर्त, नीतीचे. दहा वर्षांच्या पोराने सद्गुणांवर बोलायचं, तेही ठरलेल्या साच्यात. आपल्याकडच्या 'वेळेचे महत्त्व'चे हे सख्खे चुलत भाऊ. पोराने स्वतः काय पाहिलं, हे कुणी विचारत नव्हतं.

मोठा बदल झाला तो हार्वर्डमुळे. चार्ल्स एलियट १८६९ साली तिथे अध्यक्ष झाले. कॉलेज तोवर लॅटिन आणि ग्रीकवर उभं होतं. इंग्रजी काय, ती घरचीच भाषा, तिची परीक्षा कशाला घ्यायची? १८७४ साली मात्र प्रवेशपरीक्षेत इंग्रजी निबंध सक्तीचा झाला. स्पेलिंग, विरामचिन्हं, व्याकरण, मांडणी सगळं शुद्ध हवं, आणि विषय नेमलेल्या पुस्तकांतूनच येणार. शेक्सपिअरची तीन नाटकं, गोल्डस्मिथची एक कादंबरी, वॉल्टर स्कॉटची एक कादंबरी आणि एक दीर्घकाव्य, एवढी त्या वर्षीची यादी.

परीक्षा कॉलेजची, पण घाम फुटला शाळांना. कॉलेज जे विचारणार तेच शाळा शिकवणार, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. आपल्याकडे १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघालं, दोन वर्षांत मॅट्रिकची परीक्षा सुरू झाली, आणि गावोगावच्या हायस्कुलांचा इंग्रजीचा तास तिच्याच मापाने बेतला गेला. अमेरिकेतल्या हायस्कुलांचंही तेच झालं. यादीतली पुस्तकं वाचा, त्यावर लिहा, चुका मोजा.

आणि चुका खरोखरच मोजल्या गेल्या. १८९२ सालची गोष्ट. विद्यार्थ्यांचं इंग्रजी इतकं कच्चं का, हे पाहायला हार्वर्डने तीन जणांची समिती नेमली. त्यात एक वर्तमानपत्राचे संपादक होते, लिहायला शिकवणारा मात्र एकही नव्हता. समितीने पहिल्या वर्षाच्या मुलांकडून एक निबंध लिहून घेतला. विषय : तुमच्या शाळेत तुम्हाला इंग्रजी लिहायला कसं शिकवलं?

मला हा विषय फार आवडला. नवीन आलेल्या मुलाला विचारण्यासारखा याहून खरा प्रश्न कुठला? पण समितीला उत्तरांपेक्षा उत्तरांतल्या चुका हव्या होत्या. मुलांचं लेखन पुरावा म्हणून छापलं गेलं आणि निष्कर्ष निघाला की दोष शाळांचा. मुलं काय सांगत होती, हे नंतर कुणी फारसं पाहिलं नाही.

याच हार्वर्डमध्ये १८८८ साली एक वीस वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा दाखल झाला होता. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस. पुढे हार्वर्डची पीएचडी मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय माणूस तोच, आणि अमेरिकेतल्या वंशभेदावर सर्वांत भेदक लिहिणाऱ्यांपैकीही एक. पण त्याच्या पहिल्या निबंधाचं काय झालं? अलाबामाचे सिनेटर मॉर्गन यांनी त्याच सुमारास एका मासिकात काळ्या लोकांविरुद्ध जहरी लेख लिहिला होता. ड्यू बॉइसने पहिल्याच निबंधात त्यांना आडवं घेतलं, हातचं काही न राखता. निबंध परत आला तो 'ई' शेरा घेऊन. नापास.

अनेक वर्षांनी आत्मचरित्रात त्याने हे लिहिलंय, आणि मजा म्हणजे तो शिक्षकांवर चिडलेला नाही. तेव्हा आपल्याला आशय महत्त्वाचा वाटायचा, भाषेची शिस्त नाही, असं तो कबूल करतो. शेरा भाषेपुरता योग्यच असणार असं धरून तो कामाला लागला. १८९० साली त्याने बॅरेट वेंडेल यांचा वर्ग घेतला. वेंडेल रोज एक छोटा निबंध लिहून आणायला लावायचे, आज स्वतः पाहिलेल्या एखाद्या साध्या गोष्टीवर. तिथे सुरुवातीच्याच एका निबंधात ड्यू बॉइसने लिहिलं की मला जगाला काही सांगायचं आहे आणि ते नीट सांगता यावं म्हणून मी इथे आलो आहे. वेंडेल यांना ते वाक्य आवडलं. त्यांनी ते वर्गाला वाचून दाखवलं.

ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला 'भाषा सुधारा म्हणजे सगळं मिळतं' अशी सोयीची वाटली होती. आता तशी वाटत नाही. दुसऱ्या वेळी त्याला नापास न करणारा माणूस समोर होता, हेही त्या गोष्टीत आहे. आणि त्या 'ई'नंतर लिहिणंच सोडून दिलेली मुलं आत्मचरित्रं लिहीत नाहीत.

इथे मला पुण्यातली एक मुलगी आठवते. मुक्ता साळवे, फुले दांपत्याच्या शाळेतली विद्यार्थिनी. तिचा निबंध मराठीतला होता, इंग्रजीतला नव्हे, पण होता शाळकरी निबंधच. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने जे लिहिलं ते १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये दोन भागांत छापून आलं. 'ज्ञानोदय' अमेरिकन मिशनचं होतं, आणि त्या मिशनचं मुख्य कार्यालय होतं बोस्टनला, हार्वर्डपासून नदी ओलांडली की. म्हणजे काळ्या मुलाचा संताप हार्वर्डमध्ये नापास झाला त्याच्या तेहतीस वर्षं आधी त्याच शहरातून आलेल्या लोकांनी इथल्या एका मातंग मुलीचा संताप छापला होता. यावरून अमेरिकेबद्दल काही सिद्ध होत नाही. पण तिची वही उघडणाऱ्याने आधी व्याकरण पाहिलं असतं तर?

असो. परत हायस्कुलाकडे. १९११ साली शिकागोत अमेरिकेतल्या इंग्रजी शिक्षकांनी आपली राष्ट्रीय संघटना काढली. कॉलेजांच्या याद्यांवरचा राग हे त्यामागचं एक मोठं कारण. पुढच्या जानेवारीत त्यांचं मासिक निघालं. त्यातला पहिलाच लेख कॅन्ससच्या एडविन हॉपकिन्स यांचा. शीर्षक प्रश्नार्थक होतं : आजच्या सर्वसाधारण परिस्थितीत निबंधलेखन चांगलं शिकवता येईल का? आणि लेखाचा पहिला शब्द : नाही. कारण साधं. एका शिक्षकाकडे मुलं इतकी की त्यांचं लिहिलेलं नीट वाचणं माणसाला शक्यच नाही.

हे वाचून मी स्टाफरूममध्ये एकटाच हसलो. माझ्याकडे तीन तुकड्या, साठ-साठ मुलं. वहीमागे पाच मिनिटं धरली तर एका निबंधाचे पंधरा तास. महाबळेश्वर तपासायला एक मिनिट पुरतं. सरांनी आम्हाला 'गुड' का दिलं असेल, ते मला त्या दिवशी कळलं.

त्यानंतर अमेरिकन शाळांत हळूहळू 'स्वतःबद्दल लिहा'चा जोर वाढला, पण त्यातही मेख आहे. लँग्स्टन ह्यूजची 'थीम फॉर इंग्लिश बी' ही १९४९ सालची कविता तिथल्या वर्गांत अजून शिकवली जाते. गोरा प्राध्यापक सांगतो, घरी जा, एक पान लिहा, ते तुमच्या आतून आलेलं असू दे, म्हणजे ते खरं असेल. वर्गातला एकमेव काळा मुलगा हार्लेममधल्या खोलीवर जातो आणि विचारात पडतो, हे इतकं सोपं आहे का? वाचणारा गोरा, लिहिणारा काळा; मग ते पान नक्की कुणाचं? आमच्या वर्गात रंगाचा प्रश्न नव्हता. पण रसवंतीवरचा पोरगा 'खरं लिही' म्हटल्यावर खरं का लिहीत नाही, हे त्या कवितेला माहीत आहे.

तुमच्यापैकी काहींनी 'फ्रीडम रायटर्स' पाहिला असेल. लाँग बीचच्या शाळेत १९९४ साली रुजू झालेल्या एरिन ग्रुवेलची ती गोष्ट. तिने मुलांना डायऱ्या लिहायला लावल्या, त्यांचं १९९९ साली पुस्तक झालं. सिनेमा जरा जास्तच गोड आहे, पण एक गोष्ट खरी : अशा लिहिण्यात वेळ जातो, आणि शिक्षकाचं घरही त्यात खर्ची पडतं.

या जूनला मी सुट्टीचा विषय दिला नाही. हार्वर्डच्या समितीचा विषय उचलला : आतापर्यंत तुम्हाला इंग्रजी कसं शिकवलं? एक पान. शब्द अडला तर मराठी शब्द तसाच लिहा, शिक्षकांची नावं लिहू नका. बऱ्याच जणांनी 'माय फेव्हरिट टीचर' उतरवून आणला. एका मुलीने लिहिलं की तिला फक्त रविवारी इंग्रजी येतं, कारण रविवारी ती भावाच्या मोबाइलवर कार्टून बघते.

मागच्या बाकावरच्या एका मुलाने तीनच वाक्यं लिहिली होती. 'सर राइट्स ऑन बोर्ड. वी राइट्स इन नोटबुक. नोबडी आस्क.'

लाल पेन हातात होतं. 'राइट्स'चा एस आणि 'आस्क'चा नसलेला एस, दोन्ही दिसत होते. मी खाली लिहिलं, 'आस्क व्हॉट?' आणि वही परत दिली. तीन दिवस काही आलं नाही. चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो वही टेबलावर ठेवून पळाला. आत दीड पान होतं, विहिरीवर मोटर चालू करायला रात्री जावं लागतं त्याबद्दल. रात्रीच्या लाइटला त्याने 'नाइट करंट' म्हटलं होतं. तो शब्द मी तसाच ठेवलाय. बाकीचं अजून तपासायचं आहे.