सब्जा : शीतसाठवण व प्रकाशोपचार

फालुद्यात ज्याचे बी पडते तो सब्जा (ऑसिमम बॅसिलिकम, बेसिल) पानांसाठीही पिकवतात. कोथिंबीर, पुदिना ०° से.जवळ उत्तम टिकतात. सब्ज्याला मात्र सुमारे १०–१२° से.खालची थंडी बाधते. फ्रिजमध्ये ४° से.ला ठेवलेल्या जुडीवर काही दिवसांतच काळपट डाग पडतात, पाने लिबलिबीत होतात, सुवास उतरतो. हे कुजणे नव्हे, शीतइजा होय. थंडीने पेशीपटले बिघडतात. फ्रिजपेक्षा ओट्यावरचा पाण्याचा पेला बरा. थंडीप्रमाणे अंधारही बाधतो : त्यात पानांतील साखर श्वसनात खर्च होते व हरितद्रव्य ओसरते. साठवणीत मंद प्रकाश, विशेषतः तांबडा, थोडा थोडा वेळ दिल्यास पिवळेपणा लांबणीवर पडतो. तांबडा प्रकाश पानांतील फायटोक्रोम हे प्रकाशसंवेदी रंगद्रव्य टिपते. प्रकाशात पर्णरंध्रे उघडतात, त्यामुळे हवा दमट नसेल तर जुडी सुकते. सकाळपेक्षा संध्याकाळी खुडलेली पाने अधिक टिकतात, कारण त्यांत दिवसभरात साठलेली साखर असते.