खजुराची बी आणि टक्क्यांचा घोळ

खजुराच्या बियांचं तेल म्हणजे उकिरड्यावर जाणारा पोषणाचा खजिना, असं हल्ली आहारावर लिहिणारे छातीठोकपणे सांगतात. पूर्वपक्ष अगदीच पोकळ नाही. या तेलात साधारण ४० ते ५० टक्के ओलिक आम्ल असतं, थोडं ई-जीवनसत्त्व असतं आणि ते लवकर खवट होत नाही. एवढं मान्य.

पण हे टक्के तेलातले आहेत, बीतले नव्हेत. १०० किलो खजुरातून बी निघते १०-१२ किलो, आणि तिच्यात तेल जेमतेम १० टक्के. हाती येतं किलोभर! शेंगदाण्यात वजनाच्या निम्म्याच्या आसपास तेल असतं. शिवाय खजुराच्या बीतलं तेल घाण्यावर निघत नाही. दिंकाच्या लाडवांसाठी ज्यांनी खारका फोडल्यात, त्यांना विचारा. अडकित्ता बीवरून घसरतो. मॅनन नावाच्या कर्बोदकाने ती अशी दगड झालेली असते. म्हणून भुकटी करून हेक्झेनसारख्या द्रावकात तेल उतरवावं लागतं.

लॉरिक आम्लाचं नाव मात्र कुणी मोठ्याने घेत नाही. खोबरेल तेलातलं हे संपृक्त आम्ल ट्युनिशियाच्या देग्लेत नूर वाणाच्या तेलात १७-१८ टक्के आढळलं आहे. आणि ज्या पॉलिफेनॉलांचा डंका पिटतात, ती बरीचशी तेलात उतरतच नाहीत, पेंडीत राहतात.

आपल्याकडचा जुना व्यापारही खजूर नि तेल वेगळंच ठेवतो. कार्ल्याचं लेणं ज्या वाटेवर आहे, ती कोकणातल्या बंदरांतून बोरघाट चढून देशावर येणारी व्यापाराची वाट. इथल्या खांबांवर सोपाऱ्याच्या नि धेनुकाकटाच्या दात्यांचे लेख आहेत. पहिल्या शतकातला ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ सांगतो, की इराणच्या आखातातून भडोचला खजूर यायचा आणि या पश्चिम किनाऱ्यावरून तिळाचं तेल परदेशी जायचं. खजूर खायला, तेल तिळाचं. तेव्हा द्रावक कुठे होते, असा आक्षेप निघेल, रास्त आहे. पण अरबांनी बी फेकली नाही. भिजवून, कुटून उंटांना घातली. बीची किंमत त्यांना कळली होती, ती चारा म्हणून.

तिचं खरं बळही तिथेच आहे. बीत तंतुमय पदार्थ ७० टक्क्यांच्या आसपास असतात. भाजलेल्या बियांची पूड अरबस्तानात कॉफीसारखी उकळून पितात. पोषण शोधायचंच तर या पुडीत शोधावं.

बियांचे ढीग साचतात तेही परदेशी कारखान्यांत. आपल्याकडे कार्ल्याच्या एकवीरेच्या ओटीतली खारीक असो की उपासाचा खजूर, बी घरोघरी विखुरलेली. ती गोळा कोण करणार? त्यापेक्षा मावळच्या वरकस उतारांवरची खुरासणी घ्या. तेल ३५-४० टक्के, लिनोलेइक आम्ल भरपूर, आणि साध्या लाकडी घाण्यावर निघणारं. कार्ल्यात कुणी घाणा घालणार असेल, तर त्याने आधी तिचा भाव काढावा.