तिसऱ्या नंबरची साखर

नाकाला रुमाल लावू नका, पाहुणे आहात हे लगेच कळेल. मांस उकळून काढलेल्या सुपाचा हा वास दिवसभर अंगाला चिकटून राहणार आहे. त्यात उंदरांच्या पिंजऱ्यांचा उग्र दर्प आणि अल्कोहोलची झणक मिसळलेली. न्यूयॉर्कमधलं रॉकफेलर इन्स्टिट्यूटचं हॉस्पिटल, 1923 सालचा हिवाळा. बाहेर ईस्ट रिव्हरवर बोटींचे भोंगे, आत वाफेचे चटके.

आधी वॉर्डात चला. कोट काढू नका, न्यूमोनियाच्या रोग्यांना मोकळी हवा हवी म्हणून भर थंडीत खिडक्या उघड्या आहेत. खाटेवरचा माणूस तापानं फणफणलाय, श्वास भात्यासारखा चाललाय, खोकला आला की गंजाच्या रंगाचा कफ पडतो. पेनिसिलिन मागू नका, ते अजून सापडायचंय. साधारण आठवडाभरानं एके रात्री दरदरून घाम फुटून ताप उतरेल किंवा माणूस जाईल. तोवर वाट बघायची.

नर्स कफाची वाटी तुमच्या हाती देते. घ्या, सांडू नका. तिचा थेंबभर अर्क उंदराच्या पोटात टोचायचा. शेपूट घट्ट धरा, चावतो. काही तासांनी त्याच्या पोटात न्यूमोकॉकस नावाचे जंतू माजतात. या जंतूंच्या प्रत्येक प्रकाराला नंबर आहे आणि त्या-त्या नंबराविरुद्धची प्रतिपिंडं असलेलं वेगळं सीरम. जंतू एकेका सीरममध्ये घालायचे आणि कशात गुठळी होते ते बघायचं. नंबर एक, दोन, तीन; यांत न बसणारे सगळे चौथ्या नंबरात कोंबलेले. (वर्गीकरण म्हणून ही शुद्ध आळशीपणाची युक्ती आहे, पण इथं कुणाला हसू नका.) पहिल्या नंबराला घोड्याचं सीरम उपयोगी पडतं. तिसऱ्याचे जवळजवळ निम्मे रोगी दगावतात.

तुमची गुठळी तिसऱ्या नळीत झाली.

आता प्रयोगशाळेत या. जंतू वाढवलेलं सूप मोठमोठ्या पसरट भांड्यांत आटतंय, काचांवर वाफ धरलीय, कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरतोय. लहानखुरे, मोठ्या डोक्याचे, हळू बोलणारे ते ऑस्वल्ड एव्हरी. सगळे त्यांना लाडानं ‘फेस’ म्हणतात, प्रोफेसरचं ते लघुरूप. शेजारी रसायनाचे माणूस मायकेल हायडेलबर्गर, घरी क्लॅरिनेट वाजवणारे. एव्हरींना काही वर्षांपूर्वीच, अल्फॉन्स डोशे यांच्याबरोबर, एक गोष्ट सापडलीय: जंतूंनी सोडलेला कसलासा विरघळणारा पदार्थ रोग्याच्या रक्तात आणि लघवीत उतरतो आणि आपल्याच नंबरच्या सीरमला ओळख देतो. तो पदार्थ काय आहे, एवढंच हायडेलबर्गरना शोधायचंय.

ती बाटली उचला, अल्कोहोल ओता. शहरात दारूबंदी आहे, इथं मात्र ते भांडंभांडं ओततात आणि कुणी एक घोटही घेत नाही. बघा, द्रव गढुळला. काचेची काडी फिरवून वर उचला: पक्क्या पाकासारखी तार येते! ती पाण्यात विरघळवा, पुन्हा अल्कोहोल घाला, पुन्हा काढा. मग आम्ल, मग क्षार, मग पुन्हा तेच. खांदे भरून येतात. प्रत्येक फेरीत त्यातला नायट्रोजन कमी होतो, म्हणजे प्रथिन निघून जातंय. सीरममध्ये गढूळपणा आणण्याची ताकद मात्र वाढतेच आहे. ही ओळख प्रथिनाचीच असणार, असं त्या काळचे जाणते ठामपणे सांगतात. मग हे काय?

नळीत थोडं अल्फा-नॅप्थॉल घाला, कडेनं सल्फ्युरिक ॲसिड सोडा. हात थरथरू देऊ नका, कपड्याला भोक पडेल. दोन थरांच्या मध्ये जांभळं कडं उमटतं. साखर!

तुम्हाला पुढचं माहीत आहे, पण इथं बोलू नका. हा पदार्थ म्हणजे जंतूभोवतीचं कवच, आणि तिसऱ्या नंबराच्या कवचात दोनच शर्करा आळीपाळीनं येतात: ग्लुकोज, ग्लुक्युरोनिक आम्ल, पुन्हा ग्लुकोज, अशी लांबच लांब साखळी. आम्लाचा पहिला कार्बन ग्लुकोजच्या चौथ्याला जोडलेला, ग्लुकोजचा पहिला पुढच्या आम्लाच्या तिसऱ्याला. कोणती शर्करा आणि कुठल्या कार्बनला जोड, एवढ्यानं नंबर ठरतो. पाणी धरून फुगलेलं हे बुळबुळीत कवच जंतूभोवती असलं की रक्तातल्या पांढऱ्या पेशींना पकड मिळत नाही. नेमकी त्याच साखळीवर बसणारी प्रतिपिंडं असली तरच पकड बसते. नाहीतर वॉर्डातला तो माणूस.

हात धुवा, निघा. ‘चौथा नंबर’ पुढं फुटला आणि आज शंभराच्या आसपास प्रकार मोजले जातात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या न्यूमोसिल लशीत त्यांतल्या दहांच्या कवचाची साखर आहे, प्रथिनाला जोडलेली, कारण नुसत्या साखरेला तान्ह्या बाळाचं शरीर धड दाद देत नाही. तिसरा नंबर त्या दहांत नाही.