मोडीत निघालेलं पितळ

मंडळी, या रविवारचा विषय आहे पितळ. आपल्या पिढीला पितळ माहीत आहे ते माळ्यावरच्या हंड्यापुरतं. घरात स्टील आलं, हंडा वर गेला आणि एक दिवस भांडेवाल्याकडे 'मोड' म्हणून वजनावर विकला गेला. या मोडीचं पुढे काय होतं?

बरीचशी कारखान्यात जाते. पण काही पितळ पिढ्यानपिढ्या जंगलात जात आलंय. चंद्रपूरच्या दक्षिणेला, आदिलाबादच्या डोंगरात ओझा (गोंडीत वोज) राहतात, तर गडचिरोलीच्या पूर्वेला जुन्या बस्तरात घडवा. गोंडांसाठी देव, घंटा, घुंगरं आणि दागिने ओतणं हे यांचं काम, आणि कच्चा माल म्हणजे फुटकी भांडी!

पद्धत साधी वाटते. मातीचा गाभा करायचा, त्यावर मेणाचे धागे गुंडाळून नक्षी करायची आणि वरून मातीचे थर द्यायचे. भट्टीत मेण वितळून जातं आणि त्या रिकाम्या जागेत पितळ शिरतं. मग साचा फोडायचा. म्हणजे एका साच्यातून एकच वस्तू, कॉपी-पेस्टची सोयच नाही. मोहेंजोदडोची साडेदहा सेंटिमीटरची नर्तकी याच तंत्राने ओतलेली आहे.

खरी गंमत रसायनशास्त्रात आहे. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. तांबं वितळतं १०८५ अंशांना, पण जस्त ९०७ अंशांनाच उकळायला लागतं! उघड्या मुशीत पितळ जास्त तापलं की जस्त पांढरा धूर होऊन उडून जातं. यावर काही ठिकाणी फार हुशार तोडगा आहे. मोडीचे तुकडे साच्यालाच जोडलेल्या मातीच्या वाटीत ठेवायचे, वाटी मातीने बंद करायची आणि वाटीची बाजू खाली ठेवून सगळं भट्टीत घालायचं. धातू वितळला की साचा उलटा करायचा, रस आपोआप आत उतरतो. मूस आणि साचा एकच, त्यामुळे जस्तही फारसं उडत नाही. थर्मामीटर वगैरे काही नाही, सगळा अंदाज नजरेचा.

आता थोडं नकाशाबद्दल. आपला राजुरा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. तिथून तो नांदेडात गेला आणि १९५९ मध्ये चंद्रपुरात आला. २०१६ मध्ये आदिलाबादचेही तुकडे झाले आणि ओझांचं उशेगाव आसिफाबाद जिल्ह्यात गेलं. २०१८ मध्ये या कलेला जीआय मिळालं, ते मात्र 'आदिलाबाद डोकरा' या नावाने.

जीआय हे ठरलेल्या भूभागाला मिळतं. उद्या राजुरा-जिवतीकडे कोणी तेच मेण, तीच माती आणि तीच मोड घेऊन हुबेहूब तसाच मोर ओतला, तरी त्याला ते नाव लावता येणार नाही. गोंडांचे देव सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच, पण ते घडवणाऱ्याचा हक्क मात्र एका बाजूला थांबतो. जिल्ह्यांच्या रेषा साठ वर्षांत इतक्या वेळा बदलल्या, मग कलेचं नाव जिल्ह्यावरून का ठेवायचं? करणाऱ्यांवरून ठेवलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटतं.

असो. माळ्यावरचा हंडा मोडीत घालायच्या आधी एकदा हातात घेऊन बघा.