थेंबाचा हिशेब



कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने प्रयोगशाळेतील नळ्यांविषयी बोलावे, याचे आपल्याला नवल वाटेल. माझे शाळेचे शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि कामगारांच्या संगतीत. पण काही वर्षांपूर्वी एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करणारा आमचा एक सभासद आरोपपत्र घेऊन माझ्याकडे आला, आणि त्याचे उत्तर लिहिण्यासाठी मला दोनशे वर्षांचा इतिहास वाचावा लागला. तोच आज आपल्यापुढे ठेवतो.

आरोप असा होता : द्रव मोजून ओतणारे एक स्वयंचलित यंत्र तेथे नव्याने आणले होते. त्यावर केलेल्या एका चाचणीचे आकडे सतत कमी येत होते. यंत्र महागडे आणि नवे. तेव्हा चूक माणसाचीच, असे वरिष्ठांनी ठरवले आणि त्याला निलंबित केले. तो मला म्हणाला, ''भाऊ, यंत्र दर वेळी तेवढंच चुकतंय, म्हणून ते कुणाला दिसत नाही.'' हे वाक्य मला तेव्हा नीटसे कळले नाही.

आधी माप किती लहान ते पाहू. एका लिटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक मायक्रोलिटर. साध्या ड्रॉपरमधून पडणारा पाण्याचा थेंब साधारण ५० मायक्रोलिटरांचा असतो. आजच्या प्रयोगशाळेत अशा थेंबाचा दहावा हिस्सासुद्धा मोजून घ्यावा लागतो. रक्तातील साखर किती, औषधात मूळ द्रव्य किती, याचा निर्णय त्या थेंबावर अवलंबून असतो.

अशा मोजमापाचा एक उगम प्रयोगशाळेत नसून कापडाच्या धंद्यात आहे, हे वाचून मला आनंद झाला. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये बर्तोले या रसायनशास्त्रज्ञाने क्लोरीनच्या साहाय्याने कापड पांढरे करण्याची युक्ती दाखवली. पण पाणी सौम्य पडले तर कापड मळकट राहते आणि तीव्र झाले तर कुजते. तेव्हा रूआं शहरातील देक्रुआझील याने नामी उपाय काढला. निळीचे ठराविक द्रावण घ्यायचे आणि किती पाण्याने तिचा रंग उडतो ते खुणा केलेल्या काचेच्या नळीत मोजायचे. त्याने हे उपकरण १७९५ साली प्रसिद्ध केले. पुढे १८२४ साली गे-ल्युसॅक याने हीच पद्धत सुधारली आणि 'पिपेट' व 'ब्युरेट' ही नावे वापरली. पिपेट म्हणजे छोटी नळी. शास्त्र मोठे झाले, तरी त्याचा पाया धुलाईच्या कारखान्यात घातला गेला होता.

या नळीत द्रव ओढायचा कसा? तोंडाने. एका टोकाला ओठ लावायचे, द्रव वर ओढायचा, बोटाने टोक दाबायचे आणि खुणेपर्यंत हळूहळू सोडायचा. १८९३ साली एका डॉक्टरच्या तोंडात असे करताना विषमज्वराचे जंतू गेले आणि त्याला तो रोग जडला. पिपेट तोंडाने ओढताना झालेल्या संसर्गाची ही पहिली छापील नोंद मानली जाते. तरीही ही रीत त्यानंतर अनेक दशके चालू राहिली. काम करणाऱ्याचा जीव धोक्यात असूनही रीत बदलत नाही, हा अनुभव आम्हा कामगारांना नवा नाही.

बदल आला तो १९५७ साली, पश्चिम जर्मनीतील मारबुर्ग येथे. हाइनरिश श्निट्गर नावाचा तरुण संशोधक विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळीने असंख्य लहान नमुने ओढून ओढून कंटाळला. त्याने ट्युबरक्युलिनची सिरिंज घेतली, तिच्या दट्ट्याला स्प्रिंग बसवली आणि पुढे प्लॅस्टिकचे टोक लावले. अंगठ्याने दाबायचे आणि सोडायचे, इतकेच काम उरले. हाम्बुर्गच्या नेथेलर आणि हिंझ या कारखान्याने, म्हणजे पुढच्या एपेनडॉर्फ कंपनीने, ती पिपेट १९६१ पासून विकायला काढली. श्निट्गर १९६४ साली तलावात बुडून वारला. त्याची कल्पना मात्र आज जगातल्या बहुतेक प्रयोगशाळांच्या टेबलावर आहे.

या पिपेटमध्ये एक मर्म आहे. पुढचा सारा हिशेब त्यावर आहे. दट्ट्या द्रवाला स्पर्श करीत नाही. मध्ये हवेचा थर असतो. त्यामुळे दट्ट्या स्वच्छ राहतो आणि प्लॅस्टिकचे टोक तेवढे बदलले की भागते. पण हवा ही स्प्रिंगसारखी आहे. हाताच्या उबेने ती प्रसरण पावते. स्पिरिटसारखा उडणारा द्रव घेतला तर त्याची वाफ हवेत मिसळते आणि टोकातून थेंब गळतो. ग्लिसरीनसारखा दाट द्रव घेतला तर दट्ट्या वर जातो, पण द्रव मागे रेंगाळतो. सोडताना काही भाग टोकाला चिकटून राहतो. पाण्यासाठी बसवलेले माप दाट द्रवाला लागू पडत नाही.

त्याच १९५७ साली अमेरिकेत क्लीव्हलंडच्या लिओनार्ड स्केग्ज याने रक्ततपासणीचे आपले स्वयंचलित यंत्र शास्त्रज्ञांपुढे मांडले. त्यात एकामागून एक नमुने बारीक नळीतून वाहत जात. दोन नमुने एकमेकांत मिसळू नयेत म्हणून प्रवाहात हवेचे बुडबुडे सोडलेले असत. आणि मुख्य गोष्ट अशी, की रोग्यांच्या रक्ताबरोबर ज्याचे प्रमाण आधीच माहीत आहे असे द्रावणही त्याच वाटेने पाठवले जाई. यंत्राची जी चूक रक्ताच्या बाबतीत होई, तीच या द्रावणाच्या बाबतीतही होई; दोहोंची तुलना केली की तिचा बराचसा परिहार होई.

पुढे यंत्राला हात फुटले. १९८० च्या दशकात जपानमधील कोची येथे मासाहिदे सासाकी यांनी रुग्णालयाची प्रयोगशाळा पट्ट्यांवर आणि यंत्रमानवांवर चालवून दाखवली. आपल्याकडे २०२० च्या जुलैत, करोनाच्या साथीत, नोएडा, मुंबई आणि कोलकाता येथे दिवसाला प्रत्येकी १०,००० हून अधिक चाचण्या करू शकणाऱ्या प्रयोगशाळा सुरू झाल्या. इतके काम माणसाच्या अंगठ्याने होणार नाही. या यंत्रांचा मी विरोधक नाही. अंगठा दिवसभर दाबून हाताचे दुखणे जडलेली माणसे मी पाहिली आहेत.

पण यंत्र थकत नाही म्हणजे ते चुकत नाही, असा अर्थ होत नाही. येथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात. दर वेळी तेवढेच पडणे हा एकसारखेपणा. आणि हवे तितके पडणे ही अचूकता. ज्या दुकानदाराचे माप आतून चेपलेले आहे, तो प्रत्येक गिऱ्हाइकाला अगदी सारखेच कमी तेल देतो. आता मला माझ्या सभासदाचे वाक्य कळले.

अशी चूक पकडायची कशी? तराजूने. २० अंश तापमानाला १००० मायक्रोलिटर पाणी तराजूवर सुमारे ९९७ मिलिग्रॅम भरते. पुन्हा पुन्हा ओतून वजन केले, की सरासरी चूक किती आणि मागेपुढे किती, हे दोन्ही कळते. आंतरराष्ट्रीय मानक ८६५५ हे २००२ साली याच पायावर उभे राहिले आणि २०२२ साली त्याची सुधारित आवृत्ती निघाली. हजार मायक्रोलिटरच्या साध्या पिपेटला त्यात ८ मायक्रोलिटरपर्यंतची चूक माफ आहे.

चौकशीत आम्ही एवढीच मागणी केली, की यंत्राने ओतलेले सर्वांसमक्ष तोलावे. प्रथम पाणी तोलले. ते बरोबर भरले. वरिष्ठांचे चेहरे खुलले. मग माझा सभासद म्हणाला, ''आता साहेब, रोज जो द्रव वापरतो तो तोला.'' तो ग्लिसरीनमिश्रित, दाट होता. वजनाला त्याच्या घनतेने भागले, तेव्हा १०० मायक्रोलिटरांच्या जागी ९३ च्या आसपास निघाले, आणि दहाही वेळा जवळपास तेवढेच. यंत्रात पाण्याचीच मापे बसवलेली होती. द्रव सावकाश ओढायचा, क्षणभर थांबायचे, सावकाश सोडायचे आणि उरलेली तूट आकड्यात भरून काढायची, एवढे केल्यावर आकडे जागेवर आले. आरोपपत्र मागे घेतले गेले. निलंबनाच्या दिवसांचा कापलेला पगार मात्र पूर्ण मिळाला नाही, हेही सांगितले पाहिजे.

त्यानंतरच्या करारात आम्ही एक कलम घातले : दर आठवड्याला, ज्या द्रवावर काम चालते त्याच द्रवाने यंत्र तोलावे, नोंदवही उघडी ठेवावी, आणि आकडा संशयास्पद दिसला तर काम थांबवण्याचा अधिकार टेबलावरच्या माणसाला असावा. हे कलम कामगाराच्या हिताचे आहेच. पण त्या कारखान्यातले औषध घेणाऱ्या रोग्याच्याही हिताचे आहे. तुम्ही आम्ही सारे केव्हा ना केव्हा तो रोगी असतो.