ग्राफिक्स कार्डावरचा आकडा : एक छोटा इतिहास

१/ २००१ मध्ये एनव्हिडियाने जीफोर्स ३ बाजारात आणले. प्रत्येक पिक्सेलच्या रंगाचे गणित गेमच्या प्रोग्रामने ठरवावे, ही 'पिक्सेल शेडर'ची सोय त्यात होती.

२/ २००२ मध्ये स्वस्त जीफोर्स ४ एमएक्स आले. नावात चार, पण घराणे जीफोर्स २ चे. पिक्सेल शेडर त्यात नव्हताच.

३/ जुन्या गेममध्ये ही उणीव जाणवली नाही. २००३ च्या अखेरीस आलेल्या 'डेअस एक्स : इनव्हिजिबल वॉर'ने मात्र शेडर सक्तीचा केला. कार्ड धीमे असेल तर गेम अडखळतो. आवश्यक सोयच नसेल तर तो सुरूही होत नाही.

४/ हाच प्रसंग पुन्हा घडला. २०१७ चे जीटीएक्स १०८० टीआय, मेमरी ११ जीबी, आपल्या काळातले अग्रगण्य कार्ड. २०२४ च्या 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल'ने रे ट्रेसिंगचे हार्डवेअर अनिवार्य केले. ८ जीबीचे आरटीएक्स २०६० सुपर किमान अटीत बसले. १०८० टीआय बसले नाही.

५/ यवतमाळ, पुसद वा वणीत जुने कार्ड घेऊन संगणक जुळवणाऱ्यांनी म्हणून आधी कार्डाची पिढी आणि गेमची किमान अट ताडून पाहावी. आकडा आणि जीबी त्यानंतर.